मोमेंट कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा?

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये मला केटी लागली, म्हणजे विषय राहिला. मी मराठी माध्यमातून आलेलो. मोमेंट म्हणजे आमचं 'आघूर्ण', बलाचा फिरवण्याचा परिणाम: बल गुणिले लंबांतर, हे तोंडपाठ होतं. तरी गणित सुटायचं नाही, कारण आकृतीत पहिला दिसेल त्या बिंदूभोवती मी मोमेंट घ्यायचो आणि अज्ञात बलांच्या गुंत्यात अडकायचो.

उलगडा झाला मस्जिद बंदरला. हातगाडीवर पोती चढत होती. गाडीवाल्या काकांनी दांडा जरा उचलून पाहिला आणि हमालाला ओरडले, "दोन पोती पलीकडं सरकव रे, हाताला फार येतंय!"

घरी येऊन ती गाडी कागदावर काढली. आकडे माझ्या मनाचे, गाडीचं वजन सोडून दिलं. 200 किलो माल, त्याचा गुरुत्वमध्य चाकांच्या आसापासून दांड्याकडे 30 सेंटिमीटर, हात आसापासून 150 सेंटिमीटरवर. आसाभोवती मोमेंट घेतला की आसाची रिअॅक्शन, म्हणजे आधार उलट देतो ते बल, गळूनच पडते, तिचं अंतर शून्य. उरतं 200 × 30 = हात × 150. हातावर 40 किलो, आसावर 160. पोती सरकवून गुरुत्वमध्य 10 सेंटिमीटरवर आणला, तर हातावर जेमतेम 13. काका हेच गणित कागदाशिवाय करत होते.

तेव्हापासून मी आधी शोधतो, नको असलेली बलं कुठे एकत्र येतात. मोमेंट तिथेच.

शिडीचं गणित बघा, ते हमखास येतं. 5 मीटरची शिडी, वजन 200 न्यूटन, पाय भिंतीपासून 3 मीटरवर, म्हणजे टोक 4 मीटर उंच. भिंत गुळगुळीत. जमिनीची रिअॅक्शन आणि घर्षण दोन्ही पायाशी, म्हणून मोमेंट पायाभोवती: भिंतीचं बल × 4 = 200 × 1.5. उत्तर 75 न्यूटन. घर्षणही 75, कारण आडवी बलं ही दोनच. मी इथे 1.5 ऐवजी शिडीवरून मोजलेले 2.5 घालायचो. अंतर बलाच्या रेषेवर लंब हवं, ही चूक मी किती वेळा केली ते विचारू नका.

एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम), म्हणजे वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती, मात्र टाळू नका. आधार रोलरचा (सरकू देणारा) असेल तर एक रिअॅक्शन, हिंजचा (फक्त फिरू देणारा) असेल तर दोन, फिक्स्ड (पक्का) असेल तर तीन. एका प्रतलात एका वस्तूसाठी समीकरणं तीनच मिळतात, त्यामुळे अज्ञात चार झाले की आधी आकृती पुन्हा बघा. दिशा चुकली तर घाबरायचं कारण नाही, उत्तर उणे येतं एवढंच.

उत्तर आल्यावर मी दुसऱ्या बिंदूभोवती ताळा करतो. शिडीच्या टोकाभोवती: जमिनीचे 200 × 3 = 600, समोर वजनाचे 300 आणि घर्षणाचे 75 × 4 = 300. जुळलं. केटीच्या पेपरात या ताळ्यानेच माझं एक चुकलेलं अधिक-उणे चिन्ह सापडलं होतं.