ऑनलाइन इंटरव्ह्यू, ऑनलाइन मीटिंग : या चुका टाळा

अंबाजोगाईत आमच्या कॉम्प्युटर सेंटरला एक छोटी केबिन आहे. केज, धारूर, परळीकडची पोरं-पोरी इथं बसून पुण्याच्या, हैदराबादच्या कंपन्यांचे इंटरव्ह्यू देतात. उत्तरांची तयारी त्यांनी महिनाभर केलेली असते. नेट, लाईट आणि माईकला मात्र शेवटची पाच मिनिटं. हुशार पोरगी "सर, माझा आवाज येतोय का?" म्हणत बसते आणि समोरच्याचा मूड जातो, तेव्हा जीव तुटतो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघतोय, म्हणून सविस्तर लिहितोय.

"नेट गेलं तर हॉटस्पॉट आहे ना"

हे वाक्य ऐकलं की मला धडकीच भरते. हॉटस्पॉट असतो, पण लॅपटॉपला जोडून कॉल चालवून बघितलेला नसतो.

धारूर तालुक्यातला एक पोरगा, मेकॅनिकलचा डिप्लोमा, पहिलाच मोठा इंटरव्ह्यू. सुरुवात झकास झाली. तेवढ्यात बाहेर रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबरची केबल तोडली. त्यानं झटकन मोबाईलचा हॉटस्पॉट लावला आणि परत जॉइन झाला. इथपर्यंत शाबासकी. फोन सायलेंट करून पालथा ठेवलेला. आता त्या फोनमध्ये सिम दोन. इंटरनेट एकावर, आणि दुसऱ्यावर लातूरच्या मावशीचा कॉल, "झाला का रे इंटरव्ह्यू?" विचारायला. यानं उचलला नाही म्हणून तिनं लगेच पुन्हा लावला. इकडं लॅपटॉपवर समोरच्या साहेबांचा चेहरा जागच्या जागी थिजलेला आणि हा बोलतोच आहे. ते ऐकत आहेत असं त्याला वाटलं. नेट परत आलं तेव्हा स्क्रीनवर वेटिंग रूम. आत पुढचा उमेदवार बसलेला. एचआरचा नंबर त्यानं घेतलेलाच नव्हता.

मावशीचा काही दोष नाही. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर कॉल आला की तेवढा वेळ दुसऱ्याचं इंटरनेट थांबतं. फोन सायलेंट केल्यानं फक्त रिंग बंद होते, कॉल यायचा तो येतोच. माझी पद्धत ठरलेली आहे : सेटिंगमध्ये जाऊन दुसरं सिम बंद करायचं आणि डेटाच्या सिमवरचे कॉल घरातल्या कुणाच्या तरी नंबरवर फॉरवर्ड करून टाकायचे. दोन मिनिटांचं काम आहे.

याच हॉटस्पॉटची दुसरी गोम म्हणजे रोजचा डेटा. दीड जीबीचं पॅक आणि इंटरव्ह्यू दुपारी चारला. सकाळपासून रील बघून पॅक संपलं की बऱ्याच प्लॅनमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. झूमला नुसत्या आवाजासाठीच ६० ते ८० केबीपीएस लागतात, दोघांच्या चांगल्या व्हिडिओला ६०० च्या आसपास. म्हणजे चेहरा सोडा, आवाजही तुटत जाणार. त्यात हॉटस्पॉट जोडला की लॅपटॉपला वाटतं वायफाय मिळालं, आणि विंडोज मागच्या मागं अपडेट ओढायला लागतं. वायफायच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचं, करून ठेवा. आणि घरचं फायबर ज्या कंपनीचं, सिमही त्याच कंपनीचं असेल तर तो पर्याय अर्धाच; त्यांचं नेटवर्क बसलं की दोन्ही बसतात.

इन्व्हर्टर आहे, पण राउटर त्यावर नाही

लाईट गेली, पंखा फिरतोय, ट्यूब चालू आहे, लॅपटॉपला बॅटरी आहे, आणि वायफाय गायब. राउटर ज्या बोर्डावर लावलाय तिथं इन्व्हर्टरची लाइन ओढलेलीच नसते. फायबरवाल्यांनी भिंतीवर बसवलेला डबा वेगळा असेल तर त्यालाही लाईट लागते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, लाखमोलाची वस्तू आहे. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत.

शेतात आखाड्यावर राहणाऱ्यांचा त्रास वेगळा. आसपासच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि दोन-तीन मिनिटं गेली. मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात तर लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही दम टाकते. अशा दिवसांत आदल्या दिवशीच तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडं मुक्कामाला जा. पोरं कंटाळा करतात आणि नंतर हळहळतात.

मी सगळ्यांना एकच चाचणी करायला लावतो. आदल्या दिवशी, इंटरव्ह्यूच्याच वेळेला, मित्राला व्हिडिओ कॉल लावा आणि चालू कॉलमध्ये घरचा मेन स्विच पाडा. काय बंद पडतं, कॉल तुटतो का, परत जोडायला किती वेळ लागतो, सगळं डोळ्यांसमोर येतं. एवढं करायला सांगितलं की "काही होत नाही सर" म्हणणारे असतात. त्यांचंच हमखास होतं.

बाकीचं थोडक्यात

ब्लूटूथ इअरबड नको, वायरचा इअरफोन घ्या. बड ऐन वेळी घरातल्या दुसऱ्या फोनला जाऊन चिकटतात.

स्क्रीनवरचं नाव तपासा. 'रेडमी' किंवा धाकट्या भावाचं नाव दिसलं तर वेटिंग रूममधून आत कोण घेणार?

कॅमेरा काळा दिसतोय? झूम मागं उघडं ठेवून गूगल मीट लावलं असेल. आधी ते बंद करा. तरी नाही झालं तर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून कॅमेरा-माईकची परवानगी बघा.

स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड बघून खूश होऊ नका. तुमचा चेहरा आणि आवाज अपलोडवर जातो.

घरावर पत्रे असतील तर आत रेंज कमी मिळते, आणि पाऊस आला की स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. दुसरी खोली बघा.

मीटिंग तुम्ही घेणार असाल तर फुकटच्या झूमवर ४० मिनिटांत कॉल बंद होतो. पुढची लिंक आधीच ग्रुपवर टाका.

आणि इंटरव्ह्यूचा मेल आला की त्याच दिवशी उलट मेल करून फोन नंबर मागून घ्या. मागायला लाजू नका, एचआरवाले देतात. तो नंबर वहीत लिहा, कारण फोन हॉटस्पॉटला गुंतलेला असतो. मेसेजही आधी टाइप करून ठेवा : "सर, माझं नेट गेलं आहे, दोन मिनिटांत परत जोडतो. नाही जमलं तर या नंबरवर फोनवर बोलायला मी तयार आहे." हा नंबर घरातल्या दुसऱ्या फोनचा द्या, आणि तो फोन चार्ज करून शेजारी ठेवा.