अठराव्या शतकातील फ्रेंच कपाट कसे पाहावे

लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. म्हणून सगळी दालने एका दिवसात उरकण्याचा हट्ट सोडून एखाद्याच खणांच्या बुटक्या कपाटापाशी, म्हणजे कमोडपाशी, पंधरा मिनिटे थांबावे.

प्रथम थोडे वाकून पाहावे. या वस्तू मेणबत्तीच्या हलत्या उजेडासाठी घडवलेल्या असल्यामुळे, डोके जरासे हलवले की फुगीर दर्शनी भागावरून प्रकाश कसा सरकतो, ते लक्षात येते. मग कडा पाहाव्यात. ओकच्या सांगाड्यावर मौल्यवान लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवलेले असतात आणि ते कोपऱ्यांवर सहज उखडतात. तिथली कांस्याची नक्षी शोभेइतकीच संरक्षणासाठीही असते. तिच्यावरचा मुलामा सोने व पारा यांच्या लगद्याने चढवला जाई, पुढे उष्णतेने पारा उडून जाई आणि ती विषारी वाफ कारागिराच्या छातीत जाई. एवढे ठाऊक झाल्यावर ती झळाळी निव्वळ सुंदर वाटत नाही.

लाकडाच्या आजच्या तपकिरी छटेवर मात्र विश्वास ठेवू नये, कारण जडावकामातील कित्येक तुकडे मुळात हिरव्या, निळ्या, लाल रंगात रंगवलेले होते.

शेजारी सेव्हर्‌ या फ्रेंच कारखान्याची चिनी मातीची भांडी असल्यास, आणि तळ आरशात दाखवलेला असल्यास, कारखान्याची खूण असलेले, एकमेकांत गुंफलेले दोन 'एल' शोधावेत; त्यांच्यामधले अक्षर वर्ष सांगते आणि 'ए' म्हणजे 1753.