तोमार कसे पाहावे: नाबाओकाठचे टेंपलरांचे नगर

लिस्बनच्या ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर, नाबाओ नदीच्या काठी वसलेले तोमार अनेक प्रवासी फातिमा या तीर्थक्षेत्राच्या सहलीला जोडून दोन-तीन तासांत उरकतात. तसे करू नये. टेंपलर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्धा-साधूंची मालमत्ता मिळालेल्या ज्या ‘ख्रिस्ताच्या संघटने’चा क्रूस वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवर होता, तिचे मुख्य पीठ येथील टेकडीवर होते. त्यामुळे गोवा आणि वसई पाहिलेल्या मराठी माणसाने तरी येथे एक रात्र मुक्काम ठेवावा.

लिस्बनच्या सांता अपोलोनिया स्थानकातून सुटणारी प्रादेशिक रेल्वे साधारण दोन तासांत तोमारला पोहोचते. हे मार्गावरचे शेवटचे स्थानक असून तेथून जुने गाव चालत जाण्याइतके जवळ आहे. टेकडीवरील ख्रिस्ताच्या मठाच्या पश्चिमेकडील शिल्पांवर दुपारनंतर ऊन येते, म्हणून सकाळ गावासाठी आणि दुपार टेकडीसाठी ठेवणे सोयीचे. पोर्तुगालमधील बरीच लहान संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे लक्षात घेऊन वार निवडावा.

सकाळी नदीतील मौशाओ या बेटावरील उद्यानापासून सुरुवात करावी. तेथील लाकडी रहाट पाहून, पूल ओलांडून सेर्पा पिंटो या पादचारी रस्त्याने चालत गेले की मुख्य चौक लागतो. चौकातील पुतळा ग्वाल्दिम पाइश या टेंपलर प्रमुखाचा असून त्यानेच ११६० मध्ये येथील किल्ल्याची पायाभरणी केली. चौकाजवळच्या अरुंद गल्लीतील पंधराव्या शतकातले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बाहेरून एखाद्या साध्या घरासारखे दिसते, तरीही ते चुकवू नये. आत चार सडपातळ खांबांवर छत तोललेले आहे, आणि आवाज घुमावा म्हणून भिंतींच्या कोपऱ्यांत मातीचे घट उपडे बसवलेले आहेत. १४९६ च्या आज्ञेने ज्यूंना धर्मांतर किंवा देशत्याग यांतून निवड करावी लागली आणि ही वास्तू पुढे तुरुंग म्हणून वापरली गेली. आज तिला अब्राहम झाकुतो यांचे नाव आहे. वास्को द गामाच्या सफरीला ज्यांची खगोल-कोष्टके उपयोगी पडली, तेच हे ज्योतिर्विद.

दुपारी टेकडीवरील ख्रिस्ताच्या मठासाठी किमान तीन तास हाताशी ठेवावेत. युनेस्कोने १९८३ मध्ये या मठाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. टेंपलर संघटना १३१२ मध्ये बरखास्त झाल्यावर राजा दिनिश याने १३१९ मध्ये ख्रिस्ताची संघटना स्थापन केली आणि टेंपलरांची मालमत्ता तिच्याकडे आली. पुढे राजपुत्र हेन्री तिचा प्रशासक असताना याच उत्पन्नाचा सागरी मोहिमांना आधार मिळाला. बाराव्या शतकातील शारोला हे प्रार्थनास्थळ बाहेरून सोळा बाजूंचे, तर आतील गाभारा अष्टकोनी आहे. योद्धे घोड्यावर बसूनच येथे प्रार्थनेला उभे राहत, अशी आख्यायिका सांगितली जाते.

मात्र सर्वाधिक वेळ द्यावा तो दिओगु द आर्रुदा याने १५१० ते १५१३ या काळात घडवलेल्या खिडकीला. ती सांता बार्बारा या लहान ओवरीच्या गच्चीवरून समोरासमोर दिसते. खालच्या बाजूस एक दाढीवाला पुरुष झाडाची मुळे पाठीवर पेलतो आहे, आणि तेथून वर पिळाचे दोरखंड, गाठी, पोवळी अशी समुद्राशी निगडित शिल्पे चढत जातात. दोन्ही अंगांना तत्कालीन राजा मॅन्युएलचे खगोलगोल (आकाशातील वर्तुळे दाखवणारे गोल, त्याचे राजचिन्ह) आणि सर्वांत वर संघटनेचा क्रूस आहे. शेजारच्या एका बुरुजाला दगडी साखळीचा, तर दुसऱ्याला बकलासह पट्ट्याचा वेढा आहे. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचा दरवाजा ज्यांनी निरखून पाहिला आहे, त्यांना हे गोल लगेच ओळखू येतील, कारण तो दरवाजाही मॅन्युएलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच शैलीचा आहे. १५८१ मध्ये तोमारलाच भरलेल्या सभेने स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला पोर्तुगालचा राजा म्हणून मान्यता दिली आणि गोव्यावरही १६४० पर्यंत त्याच घराण्याची सत्ता राहिली.

मठाला पाणी पुरवणारा, सुमारे सहा किलोमीटर लांबीचा पेगोइंश जलसेतू गावाबाहेर दरीत दुमजली कमानींवर उभा आहे. वाहन असल्यास तेथे जरूर जावे. पण वरच्या कडेने चालण्याचा मोह टाळावा.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडील सांता मारिया दु ओलिव्हाल या चर्चमध्ये ग्वाल्दिम पाइशचा स्मृतिलेख पाहून आल्मोरोल गाठावे. तेजो नदीतील खडकाळ बेटावरचा हा किल्ला त्यानेच ११७१ मध्ये उभारला. एन्त्रोन्कामेन्तोला गाडी बदलून आल्मोरोलच्या लहान स्थानकावर उतरता येते. बेटावर नावेने जावे लागत असल्याने नावेच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

दर चार वर्षांनी जुलैत तोमारला ताबुलेइरुंचा उत्सव होतो. त्यात मुली स्वतःच्या उंचीएवढे, पाव आणि कागदी फुलांनी रचलेले मनोरे डोक्यावर घेऊन मिरवणुकीने निघतात. मागील उत्सव २०२३ मध्ये झाला, त्यामुळे २०२७ च्या जुलैत जायचे असेल तर राहण्याची खोली बरेच महिने आधी राखून ठेवावी.