हवेचा नमुना घेताना या चुका टाळा

खडी क्रशरवर किंवा राइस मिलमध्ये तपासणीला गेलेल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नव्या क्षेत्र अधिकाऱ्याला प्रदूषण डोळ्यांनी दिसत असते आणि नेमका तेथेच तो गाफील राहतो. सुनावणीत धूळ होती की नव्हती यावर फारसा वाद होत नाही; वाद होतो तो नमुना कसा घेतला यावर.

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम २६ नुसार, नमुना विश्लेषणासाठी घेत असल्याची नोटीस भोगवटादाराला (कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याला) किंवा त्याच्या प्रतिनिधीला तेथल्या तेथे द्यावी लागते, नमुना त्याच्या समक्ष घ्यावा लागतो आणि सीलबंद पाकिटावर दोघांच्याही सह्या लागतात. ही पद्धत पाळली नाही, तर अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. आपल्याकडे विदर्भात मालक बहुधा नागपूरला असतो आणि जागेवरचा मुनीम "मले काई माहीत नाही साहेब, शेठ आल्यावर सही करतीन" म्हणून हात वर करतो. अशा वेळी सही नंतर आणू म्हणून परत फिरणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. प्रतिनिधीने सही नाकारली किंवा तो मुद्दाम निघून गेला, तर अधिकाऱ्याने एकट्याच्या सहीने नमुना सीलबंद करून पाठवावा आणि तसे विश्लेषकाला लेखी कळवावे, अशी सोय त्याच कलमात आहे. पाण्याच्या नमुन्याचे दोन भाग करण्याची सवय झालेले काही जण हवेतली धूळ पकडणाऱ्या फिल्टरचेही दोन भाग करू पाहतात; ती तरतूद जल अधिनियमातली आहे, येथे तिचा संबंध नाही.

दुसरी चूक विजेशी निगडित आहे. गावातल्या ग्रामपंचायतीच्या छतावर हवा ओढून नमुना घेणारे यंत्र लावले, रात्री लोडशेडिंग झाले आणि सकाळी अहवालात सरळ २४ तास लिहिले, असे वारंवार घडते. यंत्र प्रत्यक्षात १७ तासच चालले असेल आणि त्या काळात पीएम-१० चे (१० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धूलिकणांचे) प्रमाण १२० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असेल, तर २४ तासांच्या हवेने भागल्यावर ते ८५ दिसते. मर्यादा १०० ची असल्यामुळे दोषी सुटतो आणि तोही आपल्याच हातून. यंत्रावरील तासांचा आकडा सुरुवातीला व शेवटी लिहावा, व्होल्टेज कमी झाल्यावर किंवा फिल्टर भरत गेल्यावर हवेचा प्रवाह घटतो म्हणून त्याचीही अधूनमधून नोंद ठेवावी आणि खंड मोठा असेल तर नमुना पुन्हा घ्यावा.

मानकांची सरमिसळही टाळावी. क्रशरच्या यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर मोजलेल्या एकूण तरंगत्या धुळीला ६०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे; तो आकडा वस्तीतील १०० च्या मर्यादेशी ताडून पाहिल्यास प्रकरण पहिल्याच सुनावणीत गळते.

वेळेबाबत मी स्वतः चुकलो आहे. एका राइस मिलच्या धुराची तक्रार होती आणि मी तीनदा दुपारी जाऊन "तथ्य आढळले नाही" असा शेरा मारला. डिसेंबरच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन स्थिर राहते आणि कोंड्याच्या बॉयलरचा धूर वर न जाता घरांवर बसतो, हे गावातल्या बायाबापड्यांना माझ्याआधी ठाऊक होते. तक्रारदार कोणती वेळ सांगतो, त्याच वेळी जावे.

भोवतालच्या इतर धुराची नोंद न घेणे ही चूक मात्र विदर्भात विशेष भोवते. फेब्रुवारीनंतर शेतात पऱ्हाटी पेटवली जाते, धुऱ्यांवरचे (बांधांवरचे) गवत जळते आणि भंडारा-गडचिरोलीकडे मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. वाऱ्याची दिशा, असा जाळ किती अंतरावर होता आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडे घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात काय निघाले, हे पंचनाम्यात नसेल, तर वकील सगळा दोष शेजारच्या शेतकऱ्यावर ढकलून मोकळा होतो.