जुना कॅमेरा घेताय? त्याने कुठले पावसाळे पाहिलेत ते आधी विचारा

"तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत" असं आपण माणसांबद्दल म्हणतो. जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं असतं. दहिवडी नाहीतर जतच्या कोरड्या हवेत चाळीस वर्षं ट्रंकेत पडलेला कॅमेरा बऱ्याचदा पुसून, रोल घालून वापरता येतो. तोच कॅमेरा महाबळेश्वरात चारच पावसाळे चामडी केसमध्ये बंद राहिला, की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. मॉडेल तेच, साल तेच आणि किंमत मात्र निम्मीसुद्धा नाही.

मी साताऱ्यात राहतो. नोकरी सांभाळून गेली बारा वर्षं जुने कॅमेरे आणि लेन्स शोधतो, वापरतो, काही विकतो. या काळात जे पैसे बुडाले त्यांच्या बदल्यात जी अक्कल आली, ती इथे क्रमाने मांडतो.

आधी कॅमेरा कोणाकडे असेल ते ओळखा

भंगारवाल्याकडे क्वचितच चांगलं काही सापडतं. तिथवर पोचेपर्यंत वस्तू तीन हातांतून गेलेली आणि दोनदा आपटलेली असते. पुण्याच्या जुन्या बाजारात माल भरपूर, पण तिथला विक्रेता मोबाइलवर भाव बघूनच बसलेला असतो. आपल्या भागात खरा माल घराघरांत आहे. तो घरात कसा आला असेल याचा विचार केला, की कुठे विचारायचं ते आपोआप कळतं.

अपशिंग्यासारख्या गावांत पिढ्यानपिढ्या माणसं सैन्यात. सुट्टीवर येताना ट्रंकेतून कॅमेरा आणलेले सुभेदार, हवालदार तुम्हाला सहज भेटतील. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरलेली, त्यांच्या गावाकडच्या बंद घरांत मोठ्या शहरांतून आलेल्या वस्तू पडून असतात. आणि तिसरा, सगळ्यात भरवशाचा ठिकाणा म्हणजे लग्नाचे फोटो काढणारे जुने फोटोग्राफर. डिजिटल आल्यावर त्यांचे याशिका, पेंटॅक्स, निकॉन स्टुडिओच्या वरच्या फळीवर गेले ते तिथेच राहिले.

त्यांच्याकडे जाऊन "विकायचाय का?" असं पहिल्याच वाक्यात विचारू नका. माणूस एक तर दुखावतो नाहीतर भाव चढवतो. "काका, तुमचा जुना कॅमेरा बघायला मिळेल का?" एवढंच विचारा. चहा होतो, अल्बम निघतात. दुसऱ्या फेरीला ते स्वतःच म्हणतात, "पडूनच हाय, काय द्यायचं ते द्या आन् घेऊन जावा."

हातात घेतल्यावर लगेच मागचं झाकण उघडू नका

आत रोल असू शकतो. ३५ मिमीचा कॅमेरा असेल तर डावीकडची रोल गुंडाळायची कडी बाणाच्या दिशेने अलगद फिरवा. अडली, ताण लागला, की आत रोल आहे असं समजा. तो गुंडाळून, काढून घरच्यांच्या हातात द्या. त्यावर कोणाचं बारसं असेल सांगता येत नाही.

मग वास घ्या. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास आला तर लेन्सवर बुरशी असणारच असं धरून पुढे तपासा. स्क्रूंची डोकी बघा. खाचा कुरतडलेल्या असतील तर कोणीतरी घरचा पेचकस चालवलाय.

लेन्सला सगळ्यात जास्त वेळ द्या

बॉडी दुरुस्त होते, खराब काच बहुतेक वेळा होत नाही. लेन्स बॉडीवरून काढा, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि समोरून थोडं तिरकं बघा. सरळ बघितलं तर डोळे दिपतात आणि काही कळत नाही.

धूळ दिसेल, ती सोडून द्या. पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये धूळ नसेल तर मलाच शंका येते. पांढऱ्या मुळ्यांसारख्या रेषा कडेकडून आत येत असतील तर ती बुरशी. कडेला टिचभर असेल आणि वरवरची असेल तर साफ होते. मध्यापर्यंत पोचली असेल तर ती काचेवरचा लेप खाऊन टाकते, पुसल्यावरही तिचा ठसा राहतो. सगळी काच धुरकट, श्वास सोडल्यासारखी दिसली तर ते बहुधा आतल्या वंगणाचं धुकं, आणि ते पुष्कळदा निघतं. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा बुडबुड्यासारखे डाग दिसले तर दोन चिकटवलेल्या काचा सुटू लागल्यात. त्या लेन्सला हात जोडा आणि परत द्या.

समोरच्या काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत सहसा उतरत नाही. मागच्या काचेवरचा उतरतो. गिऱ्हाईक नेमकं उलटं करतं, पुढचा ओरखडा बघून नाक मुरडतं आणि मागे बघतच नाही.

सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ सारखी लेन्स चहासारखी पिवळी दिसली तर घाबरू नका. तिच्या काचेत थोरियम आहे आणि ती वयानुसार पिवळी पडते. खिडकीत काही आठवडे ऊन दाखवलं की बरीच निवळते. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर भाव तुमच्या बाजूने झुकतो. मी मात्र सौदा झाल्यावर त्याला सांगून टाकतो.

आता अ‍ॅपर्चरची पाती. कडी फिरवून उघडबंद करा. पाती कोरडी हवीत आणि चटकन हलायला हवीत. त्यांच्यावर तेलाची चमक दिसली तर साफसफाईचा खर्च मनात धरा.

सांगलीचा माल असेल तर पूर शोधा

हा धडा मला महागात पडला. एका विक्रेत्याकडून मी पेंटॅक्स के १००० घेतला. "घरातलाच, एका हातचा" असं त्याने सांगितलं होतं. बाहेरून चकचकीत, शटर चालू. घरी आल्यावर फोकसची कडी फिरवली तर बारीक किरकिर, पाट्याखाली रवा आल्यासारखी. कारागिराने लेन्स खोलून पांढऱ्या कागदावर आपटली तेव्हा करड्या भुकटीची रेघ पडली. म्हणाला, "कृष्णेचा गाळ आहे हा. पाण्यात बसलेला माल आहे तुमचा."

२००५, २०१९ आणि २०२१. या तीन पुरांत सांगलीत घरंच्या घरं पाण्याखाली गेली. मारुती चौक, हरभट रोड अशा भर बाजारपेठेत दुकानांत पाणी होतं. नंतर वस्तू पुसून, वाळवून बाजारात आल्या. लोकांनी तरी काय करायचं होतं? फक्त तो माल ओळखून त्या भावाने घ्यायचा.

ओळखायची जागा कॅमेऱ्यापेक्षा केसमध्ये जास्त असते. केसच्या आतल्या मखमलीवर पाणी चढल्याची आडवी रेघ राहते, ती कितीही घासली तरी जात नाही. ट्रायपॉडच्या भोकाच्या आट्यांत टाचणी फिरवा, गाळ असेल तर टोकाला लागतो. कातड्याच्या कडा फुगल्यात का बघा, आणि बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवट चढलंय का तेही.

यात एक गंमत आहे. मिरजेच्या एका निवृत्त फोटोग्राफरांच्या याशिका मॅट १२४ जी च्या फटींत मला तांबडं काहीतरी दिसलं. मी गंज म्हणून मागे सरलो. त्यांच्या पत्नी हसल्या. "गंज न्हवं ओ, कुंकू हाय ते. दर खंडेनवमीला पुजतोय आमी." पूजा झाली की एक खटका मारायचा, असा काकांचा नेम. त्यामुळे तो शटर इतक्या वर्षांत कधी अडकलाच नाही. तेव्हापासून फटीतलं कुंकू मी चांगली खूण मानतो. ज्या कॅमेऱ्याची पूजा होते तो वर्षातून एकदा तरी बाहेर निघालेला असतो.

शटर: कान आणि मोबाइल

सगळे वेग एकेक करून दाबा. एक सेकंदाला "एक हजार एक" म्हणण्याइतका वेळ लागायला हवा. बिघाड आधी संथ वेगांत दिसतो. शटर अर्ध्यात थबकतं किंवा कण्हत बंद होतं.

नेमकं मोजायचं तर मागचं झाकण उघडं ठेवून, कॅमेरा उजेडाकडे धरून मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. १/३० सेकंदाला शटर साधारण ८ फ्रेम उघडं दिसायला हवं, १/६० ला ४. ८ च्या जागी १४ भरल्या तर शटर सुस्तावलंय. १/५०० सारखे वेग या पद्धतीने मोजता येत नाहीत. कापडी पडद्याचा कॅमेरा असेल, म्हणजे झेनिट किंवा के १०००, तर अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून पडद्यामागून टॉर्च लावा. उजेडाचे टिपके दिसले तर पडद्याला भोकं आहेत.

दोन गोष्टी करू नका. जुन्या याशिका, रोलायकॉर्डसारख्यांचा सेल्फ टायमर ओढून बघू नका, तो अडकला तर शटरच अडकतं. आणि झोर्की, फेड या रशियन कॅमेऱ्यांत आधी वाइंड करा, म्हणजे रोल पुढे सरकवून शटर ताणा, मगच वेगाची चकती फिरवा. उलटं केलं तर आतली यंत्रणा मोडू शकते.

कोणत्या कॅमेऱ्याला किती मान

आग्फा क्लिक थ्री घरोघरी निघतो. बडोद्यात बनलेला, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा साधा डबा. आठवणींसाठी अमोल, बाजारात चिल्लर. कोडॅक केबी १० आणि तसले प्लास्टिकचे कॅमेरे त्याहून खाली.

झेनिट ई भारतात खूप आला, त्यामुळे बॉडीला फार भाव नाही. पण त्यावर हेलिऑस ४४-२ लेन्स असेल, ५८ मिमी एफ/२, तर बहुतेक पैसे लेन्सचेच. पार्श्वभूमी गरगरवणाऱ्या त्या लेन्सला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे वापरणारी तरुण मंडळी शोधत असतात. तिच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे सहसा सालाचे असतात, ७९ ने सुरू होत असेल तर १९७९. झेनिट ई चा उजेड मोजणारा लाइट मीटर सेलेनियमचा, बॅटरी लागत नाही. उजेडात काटा हलतो आणि तळहाताने झाकल्यावर पडतो का, एवढं पाहा.

पेंटॅक्स के १००० हा १९७६ ते १९९७ एवढा काळ बनला. कपाळावर 'आसाही' लिहिलेले सुरुवातीचे कॅमेरे जास्त धातूचे, शौकिनांना तेच हवे असतात. याशिका मॅट १२४ जी, मामिया, रोलायफ्लेक्स हे वरच्या पंगतीतले. इथे मात्र बघण्याची आणि फोटो काढण्याची, दोन्ही लेन्स टॉर्चने तपासा.

आणि लायका. कोणी "आजोबांचा जर्मन लायका, सोनेरी, युद्धातला" म्हणून दाखवला तर लेन्स काढून आत बघा. खऱ्या लायकात रेंजफाइंडरच्या, म्हणजे फोकससाठी अंतर मापणाऱ्या यंत्रणेच्या दांड्याला गोल चाकोली असते. रशियन फेड-झोर्कीवर लायकाचं नाव कोरलेलं असेल तर तिथे सहसा पाचरीसारखा तुकडा दिसतो.

लेन्स आधुनिक बॉडीवर लावायची असेल तर अंतराचा हिशेब घरूनच करून जा. एम ४२ म्हणजे आट्यांनी बसणाऱ्या लेन्सला काचेच्या पाठीपासून नव्हे, तर माउंटपासून, म्हणजे लेन्स बॉडीला बसते त्या कडेपासून, फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉनच्या डीएसएलआरचं अंतर ४६.५ मिमी, म्हणून साध्या अ‍ॅडॉप्टरने दूरचा डोंगर फोकस होत नाही. सोनी ई माउंटचं १८ मिमी, तिथे सगळं बसतं. १९७७ पूर्वीच्या निकॉन लेन्स बदल न करता अनेक नव्या निकॉन बॉडींवर चढवू नका, बॉडीची कडी मोडते.

भाव कसा काढायचा

इंटरनेटवर मागितलेला भाव बघू नका, विकला गेलेला बघा. ई-बेवर विकलेल्या वस्तूंचं फिल्टर आहे. ओएलएक्सवर सहा महिने पडून असलेल्या जाहिरातीचा आकडा म्हणजे विकणाऱ्याचं स्वप्न.

समजा, तुम्ही बघताय तसाच बॉडी-लेन्सचा संच चालू अवस्थेत ९,००० रुपयांना गेलेला दिसला. मागच्या झाकणाचं उजेड अडवणारं फोमचं सील चिकट डांबर झालंय आणि शटर साफ करायचंय, कारागीर १,८०० सांगतो. कुरिअरचे ४००. राहिले ६,८००. रोल घालून तपासता येत नाही, त्या जोखमीचे आणखी पाव भाग काढा. म्हणजे ५,१०० ही माझी वरची मर्यादा, आणि मी ४,५०० पासून बोलायला लागतो. मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालणारा असेल तर थोडं आणखी कमी, कारण त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत आणि पर्याय शोधत बसावं लागतं. बुरशी मध्यापर्यंत असेल तर हा हिशेबच करायचा नाही. तेव्हा लेन्स शून्य धरून फक्त बॉडीचे पैसे बोला.

घासाघीस करताना दोष दाखवा, वस्तूला नावं ठेवू नका. टॉर्च त्यांच्याच हातात देऊन बुरशी त्यांना बघू द्या. भाव ठरला की थोडा विसार द्या आणि तारखेसह दोन ओळींची पावती लिहून घ्या, बॉडी आणि लेन्सचे क्रमांक घालून.

घरी आणल्यावर

चामडी केस वेगळी ठेवा. ओल धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा काटा घालून. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. साताऱ्यात जुलैमध्ये माझ्या उघड्या कपाटात तो ८० च्या वर जातो. डांबरगोळ्या आत टाकू नका. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी भाकरीचा तवा घेऊ नका. मी एकदा घेतला होता. त्या दिवसापासून माझ्यासाठी एक वेगळं जुनं पातेलं अंगणात ठेवलेलं आहे.