दिव्यांग मतदारांच्या सरकारी अहवालांवर काम करायचंय? आधी छेद तपासा

समाजकार्य शिकून किंवा पत्रकारितेतून या कामाकडे वळलेली मुलं-मुली हल्ली बऱ्याच भेटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ११, म्हणजे मतदान केंद्रं दिव्यांगांना सोयीची हवीत हे सांगणारं, त्यांना तोंडपाठ असतं. ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र, १२ ड हा घरून मतदानाचा अर्ज, दिव्यांग मतदारांसाठीचं सक्षम ॲप हेही ठाऊक असतं. त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. घोडं अडतं ते पुढे, जिल्ह्याचा अहवाल वाचायला बसल्यावर.

मुळात तो वाचता येणं हीच पहिली लढाई. मी अल्पदृष्टी आहे, स्क्रीन रीडरवर काम करते. दिव्यांगांच्या सोयींचा अहवाल मला मिळाला तो तिरका स्कॅन केलेला, म्हणजे माझ्यासाठी कोरा कागद. मूळ फाइल मागितली, तर ती युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. स्क्रीन रीडर त्यातून नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस वाचत सुटला. त्याचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा माहिती अधिकाराच्या अर्जातच 'युनिकोडमधली एक्सेल फाइल' असं स्पष्ट लिहा. तुम्हाला दिसण्या-ऐकण्याची अडचण असेल तर त्याच कायद्याचं कलम ७(४) लिहा. माहिती समजून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, उपकार नाहीत.

आता ज्यात मी फसले ते. अहवालात 'दिव्यांग मतदारांचे मतदान' अशी टक्केवारी असते आणि ती बरेचदा चांगली दिसते. मी ती खरी धरून टिपणं काढली होती. पण टक्केवारीचा छेद, म्हणजे ज्या संख्येने भागलं ती, कोणता? गावातले दिव्यांग नव्हेत, तर मतदार यादीत 'दिव्यांग' अशी खूण असलेले. समजा, केंद्रावर चार जणांपुढे खूण आहे आणि चौघांनी मतदान केलं. झालं शंभर टक्के! त्याच गावात आणखी पंधरा जण असतील, खूण नसलेले, तर ते या हिशेबात जन्मालाच आलेले नाहीत. त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागवलेली नसते, गाडी ठरलेली नसते, १२ ड घेऊन कुणी दारात आलेलं नसतं. आणि त्यांच्यापैकी एकही केंद्रावर आला नाही तरी अहवालाचा आकडा जागचा हलत नाही.

हे फक्त एका गावाचं नाही. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते, त्यात दिव्यांगांची नोंद सुमारे ८८ लाख. म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. २०११ च्या जनगणनेत मात्र १२१ कोटींत २.६८ कोटी, शंभरात दोनाहून जास्त. जनगणनेत लहान मुलंही धरलेली असतात आणि वय वाढतं तसं अपंगत्वाचं प्रमाण वाढतं, तेव्हा फक्त प्रौढांचा हिशेब केला तर फरक आणखी रुंदावेल. शिवाय २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ते वेगळंच.

खूण राहते कुठे? बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी, दारात विचारतात तेव्हा लग्नाच्या मुलीचं घरचे सांगत नाहीत. कमी ऐकू येणं समोरून दिसत नाही. आजी म्हणते, 'वय झालंय, अपंग कुठली?' नमुना ८, म्हणजे यादीतल्या नोंदीत बदल करायचा अर्ज, भरून खूण करून घेता येते, पण ते मतदाराने स्वतः करायचं असतं.

छेद पडताळायला महागडं सर्वेक्षण लागत नाही. ग्रामपंचायत स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी खर्च करते, त्याची यादी ग्रामसेवकाकडे असते. संजय गांधी निराधार योजनेची शाखा तर तहसीललाच, बहुतेकदा निवडणूक शाखेपासून दोन दारांवर. दोन्ही याद्या मतदार यादीशेजारी ठेवा, छेदाचं काय ते कळेल.

अंशाची, म्हणजे मतदान केलेल्यांच्या आकड्याचीही हीच गत. मतदान केंद्रावरच्या नमुना १७ अ या मतदार नोंदवहीत यादीतला क्रमांक, ओळखपत्र, सही किंवा अंगठा आणि शेरा एवढंच असतं. अपंगत्वाचा रकाना नाही. शिवाय ती नोंदवही नंतर सीलबंद होते, न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. म्हणून 'इतक्या दिव्यांगांनी मतदान केलं' असं वाचलं की विचारा: कोणी मोजलं, कशावर लिहिलं?

घाबरू नका, ही दोन-चार गणितं एकदा डोक्यात बसली की अहवाल आपोआप उलगडायला लागतो.

सोयींचे रकाने 'आहे/नाही' असे असतात. एका शाळेत आम्ही टेप लावली. तीन पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे ४५. उताराचं प्रमाण १:१२ धरलं तर रॅम्प ५.४ मीटर हवा, जवळजवळ १८ फूट. तिथे साधारण सहा फुटांची फळी टेकवलेली होती. व्हीलचेअरवरचा सहकारी दोघांनी मागून ढकलूनही अर्ध्यात थांबला, कारण पुढची चाकं हवेत उचलली जायला लागली. तक्त्यात मात्र 'रॅम्प: आहे'. खोटं कुणीच लिहिलेलं नव्हतं. 'ब्रेल: आहे' चं तसंच. यंत्रावर ब्रेल आकडे असतात हे उत्तमच, पण ब्रेल न येणारे अंध भरपूर आहेत. आणि व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते ती आम्ही कशी पडताळायची, याला रकानाच नाही.

अशा सोयींच्या तपासणीची, म्हणजे ऑडिटची, प्रमाणपत्रं देणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळांबद्दल माझं मत वाईट आहे. तिथे तयार तक्ता मिळतो, आणि तो भरला की काम झाल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा निवडणूक शाखेतला जुना अव्वल कारकून गाठा. तो सुरुवातीला 'साहेबांना विचारा' म्हणेल. म्हणू दे. कुठला आकडा कुठल्या कागदावरून आला हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि निवडणूक नसताना गेलात तर चहाही मिळतो.

लोकसभा-विधानसभेचा साचा घेऊन जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या निवडणुकीत शिरू नका. तिथे राज्य निवडणूक आयोग, वेगळे नियम. १२ ड तिथे गृहीत धरायचा नाही. जिथे तो आहे, तिथे अधिसूचनेनंतर पाचच दिवस मिळतात. त्या पाच दिवसांत प्रमाणपत्र शोधायला बसलात तर हुकलंच. आणि अर्ज मंजूर झालेल्या मतदाराला हे आधीच सांगून ठेवा, की पथक येईल तेव्हा घरी राहायचं. दुसऱ्या फेरीलाही सापडला नाही तर केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.