तुरीच्या दोन वाणांचा डाळ उतारा कसा मोजावा

बार्शी-अक्कलकोट भागात तुरीचा वाण निवडताना एकरी उत्पन्न सगळेच विचारतात. डाळ करून विकायची असेल तर तेवढ्यावर भागत नाही. क्विंटलमागे डाळ किती पडते, हेही माहीत हवं. बीडीएन ७११ पांढरी आणि बीएसएमआर ७३६ लाल, दोन्ही घरात असतील तर ही चाचणी जरूर करा.

एकाच हंगामातली, शक्यतो एकाच रानातली तूर घ्या. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढून एकत्र करा. खडा, काडी, पोचट आणि भुंग्याने पोखरलेला दाणा निवडून काढा. प्रत्येक वाणाचे दोन-दोन किलोंहून थोडे जास्त असे तीन नमुने करा आणि उरलेली तूर राखून ठेवा. एकाच नमुन्यावर विसंबू नका. काटा एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा हवा.

टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, म्हणून तूर तशीच भरडली तर साल सहज सुटत नाही. आधी चक्कीचे दगड दूर ठेवून दाणा एकदा नुसता खरचटवून घ्या. मग दोन किलोला चमचाभर तेल चोळून रात्रभर झाकून ठेवा आणि दोन दिवस ऊन दाखवा. इथे सोलापुरी उन्हाचा अंदाज हवा. एप्रिलच्या कडक उन्हात पत्र्यावर पसरलेली तूर फार वाळते, दाणा ठिसूळ होतो आणि डाळीऐवजी कळणा, म्हणजे डाळीचा चुरा, वाढतो. सकाळचं ऊन पुरतं, तेही कापडावर. दाताखाली दाणा ‘कट’ वाजून फुटला की थांबा.

सगळ्यात जास्त चूक होते ती ओलाव्यात. १२ टक्के ओलाव्याच्या दोन किलो तुरीत कोरडा माल १,७६० ग्रॅम असतो, ९ टक्क्यांच्या दोन किलोत १,८२०. म्हणजे चक्की सुरू व्हायच्या आधीच ६० ग्रॅमचा फरक पडला, आणि श्रेय मात्र वाणाला जातं! म्हणून वाळवलेले सगळे नमुने दोन दिवस एकाच खोलीत शेजारी-शेजारी पसरून ठेवा, आणि हिशेबाचे दोन किलो भरडण्याच्या अगदी आधी नव्याने तोलून घ्या. जवळच्या डाळ मिलमध्ये ओलावामापक असेल तर आकडा लिहून ठेवा.

वाण बदलताना चक्की झाडून घ्या, नव्या वाणाची अर्धा किलो तूर आधी भरडून बाजूला काढा, मगच नमुना टाका. दगडांतलं अंतर दाण्याच्या आकारावर ठरतं. बारीक दाणा सालीसकट निसटतो, टपोरा चुरडतो. म्हणून दाणे चाळून मोठे-लहान वेगळे भरडा आणि वजन एकत्र धरा.

भरडा पाखडून, चाळून चार ढीग करा: डाळ, कळणा, टरफल-पीठ आणि न फुटलेला गोटा. समजा डाळ १,३८० ग्रॅम, कळणा १५०, टरफल-पीठ २९० आणि गोटा १२० भरला. बेरीज १,९४०, म्हणजे ६० ग्रॅम उडाले किंवा सांडले. एवढं चालतं. घट १०० ग्रॅमच्या पुढे गेली तर तो नमुना बाद करा. उतारा १,३८० भागिले २,०००, म्हणजे ६९ टक्के. गोटा वगळून १,८८० ने भागलं तर तोच ७३.४ होतो. गोटा परत भरडता येतो, त्यामुळे दुसरा आकडाही खोटा नाही. पण एका वाणाला एक रीत आणि दुसऱ्याला दुसरी लावली तर तुलना फुकट जाते.

शेवटी मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरा. कड घासलेली, टवके उडालेली डाळ दिसली तर त्या वाणाचा बराचसा माल पिठात गेला आहे. दगड थोडे सैल करून राखून ठेवलेल्या तुरीवर चाचणी पुन्हा घ्या.